समुद्रापलीकडून पुकारलेले युद्ध : आझाद हिंदच्या लढ्याची कारणे आणि फलिते

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा प्रथम मनात आला तो आपला नेहमीचाच विषय : वंगभूमी आणि मराठे. भास्करराम कोल्हटकरांच्या स्वाऱ्या, १७४२ साली कलकत्तेकरांनी भयापोटी खणलेला 'मराठा खंदक', आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी याच शहरात सखाराम गणेश देउस्करांसारख्या मराठी माणसाच्या उद्योगाने साजरे झालेले शिवाजी-उत्सव. हा विषय गोड खरा. परंतु त्याबद्दल आपल्यापैकी बहुतेकांनी पुष्कळ वाचले-ऐकले आहे. शिवाय गेल्या वर्षी घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने माझे मन दुसऱ्याच विषयाकडे ओढून नेले.

साताऱ्याहून माझा भाचा काही दिवसांसाठी आमच्याकडे आला होता. कोलकात्यास आलेल्या पाहुण्यांना आपण सारेच जी स्थळे दाखवतो, ती त्यालाही दाखवली : दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि शेवटी एल्गिन रोडवरील नेताजी भवन. ज्या मोटारीतून सुभाषबाबू १९४१ साली पोलिसांच्या डोळ्यांत धूळ फेकून निघून गेले, ती जर्मन बनावटीची 'वाँडरर' तेथे जतन करून ठेवली आहे. तिच्यासमोर उभे असता भाचा म्हणाला, "मामा, ही सेना शेवटी हरलीच ना? मग हरलेल्या सेनेचा एवढा गौरव कशासाठी?"

मी काहीतरी उत्तर दिले. पण त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. कारण हा प्रश्न आमच्या घरातलाच आहे. साताऱ्याकडील आमच्या जुन्या घरात ओसरीवर माझ्या आजोबांच्या चुलत भावाचे छायाचित्र आहे. अंगावर मराठा पलटणीचा गणवेश आणि छातीवर पदके. त्यांपैकी एक 'बर्मा स्टार'. म्हणजे ज्या सेनेचे आज आपण पोवाडे गातो, ती ज्या आघाडीवर चालून आली, त्या आघाडीवर हे आजोबा इंग्रजांच्या बाजूने उभे होते. लहानपणी त्यांना त्या लढाईविषयी विचारले, की ते विषय टाळीत. एकदाच, फार आग्रह केला तेव्हा, एवढेच म्हणाले, "तीबी आपलीच पोरं व्हती." पुढे ते काही बोलले नाहीत.

भाच्याचा प्रश्न आणि आजोबांचे ते वाक्य, या दोहोंना मिळून उत्तर देता येईल काय, हे पाहण्याचा यत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दूरची कारणे

आझाद हिंदच्या युद्धाची कारणे सांगताना सामान्यतः १९३९ पासून आरंभ केला जातो. माझ्या मते त्याची मुळे याहून फार खोल, आणि तीही आपल्या या हुगळीच्या काठी आहेत. इंग्रजांचे हिंदुस्थानातील राज्य मूठभर गोऱ्यांच्या बळावर उभे नव्हते. ते उभे होते हिंदी शिपायाच्या खांद्यावर. त्याच शिपायाच्या बळावर इंग्रजांनी समुद्रापलीकडचे देशही जिंकले. आणि त्या मोहिमांसाठी माणसे व जहाजे सिद्ध करण्याचे एक मोठे ठाणे म्हणजे कलकत्ता बंदर.

१८२४ साली पहिले ब्रह्मी युद्ध सुरू झाले. बराकपूरच्या छावणीतील सत्तेचाळिसाव्या पलटणीस त्या मोहिमेवर निघण्याचा हुकूम झाला. ओझी वाहण्यास बैल नाहीत, जादा भत्ता नाही, आणि समुद्र ओलांडावा लागेल ही धास्ती वेगळीच; तेव्हा शिपायांनी कूच करण्याचे नाकारले. २ नोव्हेंबर १८२४ रोजी त्यांच्यावर तोफा डागण्यात आल्या. कित्येक जागीच ठार झाले, कित्येक नदीत बुडाले. त्यांचा पुढारी बिंदी तिवारी यास फाशी देण्यात आले. मंगल पांडे यांचे नाव आपणा सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याच बराकपुरात त्यांच्या आधी तेहतीस वर्षे हे घडून गेले होते, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

तरीही मोहिमा थांबल्या नाहीत. १८४० साली अफूच्या व्यापारासाठी चीनवर जे सैन्य गेले, त्यात बंगालचे शिपाई होते. १८५६ साली तर कायदाच झाला, की बंगाल सैन्यात नव्याने भरती होणाऱ्या प्रत्येकाने समुद्रापार जाण्याचे आधी मान्य केले पाहिजे. पहिल्या महायुद्धात पाळी आपल्या महाराष्ट्राची आली. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात जी फौज अडकली, ती सहावी 'पुणे डिव्हिजन' होय. तीत मराठा पलटणी होत्या. उपासमारीला तोंड देत सुमारे पाच महिने त्या तेथे टिकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण आली. पुढे तुर्कांच्या कैदेत त्यांतले असंख्य लोक मेले. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. एवढे करूनही १९१७ मध्ये हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंडांची 'देणगी' इंग्लंडला देण्यात आली. ज्या देणगीबद्दल देणाऱ्याचे मतच घेतलेले नसते, तिला देणगी म्हणावे की वसुली, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

तात्पर्य, शंभराहून अधिक वर्षे हिंदी शिपाई समुद्रापार गेला तो दुसऱ्याचे साम्राज्य वाढवण्यास वा राखण्यास. त्याच समुद्रापारच्या भूमीवरून त्याने एके दिवशी मागे वळून पाहिले, हीच आझाद हिंदच्या युद्धाची खरी हकीकत आहे.

निकटची कारणे

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. एकाही लोकप्रतिनिधीस त्यांनी विचारले नव्हते. ज्या युद्धात पुढे २५ लाख हिंदी माणसे सैन्यात दाखल झाली, त्या युद्धात आपण का आहोत, हे कोणी त्या देशास विचारलेच नाही.

सुभाषबाबूंचा इंग्रजी सत्तेशी असलेला विरोध जुनाच होता. महाराष्ट्राशी त्यांचे जडलेले नातेही जुने होते. १९२५ ते १९२७ या काळात ते मंडालेच्या तुरुंगात होते. लोकमान्यांनी सहा वर्षे जेथे काढली आणि जेथे 'गीतारहस्य' लिहिले, तोच हा तुरुंग. तेथील हवामान आणि एकांत यांविषयी, आणि लोकमान्यांनी तो काळ कसा काढला असेल याविषयी, त्यांनी न. चिं. केळकरांस सविस्तर पत्र लिहिले होते. पुढे १९२८ साली पुण्यास भरलेल्या महाराष्ट्र प्रांतिक परिषदेचे अध्यक्षस्थानही त्यांनीच भूषविले. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात स्वयंसेवक दलाचे प्रमुख म्हणून ते लष्करी गणवेशात वावरले, तेव्हा काहींनी त्याची थट्टा केली. त्या गणवेशामागे केवढा गंभीर हेतू होता, हे कळायला आणखी पंधरा वर्षे जावी लागली.

१९३९ मध्ये काँग्रेसचे अध्यक्षपद सोडावे लागल्यावर त्यांनी फॉरवर्ड ब्लॉक काढला. जुलै १९४० मध्ये हॉलवेल स्मारकाच्या आंदोलनाच्या आदल्या दिवशी त्यांना अटक झाली. तुरुंगात उपोषण केल्यावर ५ डिसेंबरला सरकारने त्यांना घरी सोडले, ते बरे झाले की पुन्हा पकडायचे, अशा हिशेबाने. परंतु १६ जानेवारी १९४१ च्या मध्यरात्रीनंतर, पठाणी वेषातील एक विमा एजंट बनून ते एल्गिन रोडवरील घरातून बाहेर पडले. पुतणे शिशिरकुमार यांनी मोटार हाकली. गोमोह स्थानकावर गाडी पकडून पेशावर, तेथून काबूल, आणि मॉस्कोमार्गे २ एप्रिल रोजी ते बर्लिनला पोहोचले. तेथे त्यांच्या कार्यात सहभागी झालेल्यांत गणपुले हे मराठी गृहस्थ होते, आणि त्या दिवसांवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

तिकडे आग्नेय आशियात निराळेच घडत होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. जो किल्ला अजिंक्य म्हणून दुनियेला सांगितला गेला, तो सत्तर दिवसांच्या मोहिमेत शरण आला. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे चाळीस हजार हिंदी युद्धकैदी एकत्र करून, गोऱ्या सैनिकांपासून वेगळे काढून, एका इंग्रज अधिकाऱ्याने जपानी मेजर फुजिवारा यांच्या हवाली केले. त्या मैदानावरील सैनिकाच्या मनाचा विचार करावा. हिंदी अधिकाऱ्याला गोऱ्या अधिकाऱ्याहून कमी पगार, कित्येक क्लबांत प्रवेश नाही, आणि पेनांगसारखी शहरे सोडताना आधी केवळ गोऱ्यांस हलवले गेले, हे सर्व त्याने पाहिलेले होते. ज्याचे मीठ खाल्ले त्या धन्याने आपल्याला मैदानात सोडून दिले, असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही.

कॅप्टन मोहन सिंग यांनी त्या कैद्यांमधून पहिली आझाद हिंद सेना उभारली. परंतु जपान्यांच्या हेतूविषयी शंका वाढत गेली आणि डिसेंबर १९४२ मध्ये मोहन सिंग यांनाच अटक होऊन ती सेना मोडल्यात जमा झाली. सेना होती, रोष होता. सर्वांना मान्य होईल असा नेता मात्र नव्हता.

हंगामी सरकार आणि युद्धाची घोषणा

फेब्रुवारी १९४३ मध्ये सुभाषबाबू कील बंदरातून जर्मन पाणबुडीने निघाले. बरोबर एकच हिंदी सहकारी, आबिद हसन. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळ भर समुद्रात ते जपानी पाणबुडीत चढले आणि जुलैच्या आरंभी सिंगापूरला आले. वृद्ध क्रांतिकारक रासबिहारी बोस यांनी ४ जुलैला त्यांच्या हाती सूत्रे सोपवली, आणि दुसऱ्या दिवशी सेनेसमोर 'चलो दिल्ली'ची घोषणा झाली.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूरच्या कॅथे सभागृहात आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन झाले आणि दोनच दिवसांत त्याने इंग्लंड व अमेरिका यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. नऊ राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. अर्थात ती सर्व जपान-जर्मनीच्या गोटातील होती. या सरकारात सेनेचे प्रतिनिधी म्हणून जे अधिकारी होते, त्यांत लेफ्टनंट कर्नल जगन्नाथराव कृष्णराव भोसले हे सावंतवाडीकडील तिरोड्याचे मराठी सेनानी होते. सँडहर्स्टला शिकलेला हा अधिकारी आझाद हिंद सेनेचा 'चीफ ऑफ स्टाफ' झाला. आपल्या मुलांना हे नाव क्वचितच ठाऊक असते, याची खंत वाटते.

सेनेत सर्व मिळून सुमारे ४०,००० माणसे होती. त्यांत केवळ युद्धकैदी नव्हते. मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर, ज्यांनी हिंदुस्थान डोळ्यांनीही पाहिला नव्हता, तेही होते. स्त्रियांची स्वतंत्र पलटण उभी राहिली आणि तिला नाव देण्यात आले झाशीच्या राणीचे. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन तिच्या प्रमुख होत्या. मोरोपंत तांब्यांच्या मुलीचे नाव धारण करून मळ्यांतील मजुरांच्या मुली सिंगापुरात बंदुकीची कवायत करीत होत्या, हे चित्र मराठी मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षी इकडे बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. त्यात सुमारे तीस लाख माणसे मेली. कलकत्त्याच्या फुटपाथांवर प्रेते पडत होती. ब्रह्मदेशातून एक लाख टन तांदूळ पाठवण्याची तयारी सुभाषबाबूंनी नभोवाणीवरून दाखवली. सरकारने ती स्वीकारली नाही. सरकारला त्या तांदळात शत्रूचा डाव दिसला असेल. परंतु प्रजेचे पोट भरण्यास असमर्थ ठरलेल्या राज्याची पत त्या वर्षी बंगालमध्ये संपली, हे निश्चित.

परक्याचे साहाय्य

येथे एका अप्रिय प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. एका साम्राज्याविरुद्ध लढताना दुसऱ्या साम्राज्याचे साहाय्य घेणे योग्य होते काय? जपानने चीनमध्ये काय केले, हे जगाने पाहिले होते. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर हजारो तमिळ मजूर मेले. सेनेत येण्यास नकार देणाऱ्या कित्येक हिंदी युद्धकैद्यांना न्यू गिनीकडे मजुरीस धाडण्यात आले आणि त्यांतले फार थोडे परतले. या माणसांनी आपली शपथ मोडली नाही. त्यांचीही आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

अंदमानची कथाही अशीच दुहेरी आहे. ३० डिसेंबर १९४३ रोजी सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि त्या बेटांना 'शहीद' व 'स्वराज' ही नावे दिली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी जेथे कोलू ओढला, तेथे राष्ट्रध्वज चढला, ही घटना लहान नव्हे. परंतु प्रत्यक्ष सत्ता जपान्यांनी सोडली नव्हती. महिन्याभरातच, ३० जानेवारी १९४४ रोजी, हेरगिरीच्या आरोपावरून ४४ हिंदी माणसांना त्यांनी तेथे गोळ्या घातल्या.

इतिहासात याला एक पूर्वोदाहरण आहे. १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनच्या साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारले. कारण सांगितले क्यूबाच्या मुक्ततेचे. फिलिपाईन्समधील स्वातंत्र्यवादी पुढारी आगिनाल्डो अमेरिकन जहाजातून मायदेशी परतला आणि १२ जून १८९८ रोजी त्याने स्वातंत्र्य जाहीर केले. डिसेंबरात पॅरिसचा तह झाला. त्यात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपाईन्स अमेरिकेच्या स्वाधीन केले. मुक्तिदाताच धनी झाला, आणि खरे स्वातंत्र्य मिळण्यास १९४६ साल उजाडले. जपान विजयी झाला असता तर आपलेही असेच झाले असते काय, हा प्रश्न उरतोच. हंगामी सरकार स्थापण्यामागे आणि सेना स्वतंत्रपणे आघाडीवर लढावी असा आग्रह धरण्यामागे सुभाषबाबूंच्या मनात हीच सावधगिरी होती, असे मला वाटते. दुसऱ्याच्या विजयात मिळालेले स्वातंत्र्य टिकत नाही, हे ते जाणून होते.

रणांगण

मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळ-कोहिमाच्या दिशेने निघाल्या. आझाद हिंदच्या तुकड्या त्यांच्यासमवेत सरहद्द ओलांडून आल्या, आणि १४ एप्रिल रोजी मणिपूरमधील मोइरांग येथे कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा उभारला. परंतु तोफा नाहीत, विमाने नाहीत, रसद नाही. आणि वर आसामचा पावसाळा. रानातील पाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. जुलैमध्ये माघारीचा हुकूम निघाला. आघाडीवर गेलेल्या सुमारे ६,००० हिंदी सैनिकांपैकी परतले ते २,६०० च्या आसपास. गोळीने मेले त्यांच्यापेक्षा हिवताप, हगवण आणि भूक यांनी मेले ते पुष्कळ अधिक.

आणि समोर कोण होते? इंफाळच्या ईशान्येस सांगशाक नावाचे एक नागा गाव आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तेथे जपानी आक्रमणाला ज्यांनी रोखून धरले, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. पाण्याचा तुटवडा असता त्या टेकडीवर ते दिवसेंदिवस लढत राहिले. त्याच जुलैत, १० तारखेला, तिकडे इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात कोलाबा जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे काबीज केले आणि तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एकाच महिन्यात एक मराठी जवान इटलीत इंग्रजांच्या झेंड्याखाली मरत होता, आणि आरकानच्या व चीन टेकड्यांच्या रानांतून एका मराठी चीफ ऑफ स्टाफची सेना उपाशीपोटी मागे येत होती. यातला शूर कोण आणि देशभक्त कोण, अशी सोपी वाटणी करणे मला तरी शक्य होत नाही. दोघांनीही आपला शब्द पाळला. त्यांच्यावर ही वेळ आणणारी राजवट मात्र एकच होती.

१९४५ मध्ये इरावतीच्या काठी आणि पोपा पर्वताच्या परिसरात सेना पुन्हा लढली. परंतु युद्धाचा निकाल लागून चुकला होता. एप्रिलच्या अखेरीस रंगून सोडताना राणी झाशी पलटणीच्या मुलींना सुरक्षित नेण्यासाठी सुभाषबाबू त्यांच्याबरोबर पायी चालले. ऑगस्टात जपान शरण आला. त्यानंतर तैहोकू येथील विमान अपघाताची वार्ता आली. त्या वार्तेच्या सत्यासत्यतेविषयी आपल्या बंगाली शेजाऱ्यांच्या भावना किती तीव्र आहेत, हे आपण जाणतो. आणि चौकशी आयोगांचे निष्कर्षही परस्परांशी जुळलेले नाहीत. प्रस्तुत विषयाशी त्या वादाचा संबंध नसल्याने तो येथे बाजूस ठेवतो.

फलिते

रणांगणावर हे युद्ध हरले. ते जिंकले गेले न्यायालयात आणि रस्त्यावर. तेही इंग्रजांच्याच एका चुकीमुळे.

५ नोव्हेंबर १९४५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. आरोप : दंडसंहितेच्या कलम १२१ अन्वये बादशहाविरुद्ध युद्ध पुकारणे. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख असे तीन आरोपी एकाच पिंजऱ्यात उभे करून सरकारने नकळत साऱ्या देशालाच तेथे उभे केले. बचावाची धुरा मुंबईचे भुलाभाई देसाई यांनी वाहिली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : या लोकांचे स्वतःचे सरकार होते, त्या सरकारने रीतसर युद्ध पुकारले होते, आणि पारतंत्र्यातील प्रजेला स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याने आहे. मग त्याला बंड कसे म्हणावे? २१ ऑक्टोबर १९४३ च्या त्या घोषणेचे खरे मोल येथे कळून आले.

तिघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. आणि सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती जानेवारी १९४६ मध्ये माफ केली. ही शिक्षा अमलात आणली असती, तर देशात अराजक आणि सैन्यात फूट पडण्याचा धोका होता, असे त्यांनी आपल्या वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्यांना पत्राने कळवले. राज्याच्या पायाचा दगड हलल्याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

तो दगड हलवण्यात या शहराचा वाटा फार मोठा होता. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी विद्यार्थ्यांची मिरवणूक डलहौसी चौकाकडे निघाली असता धर्मतल्ला रस्त्यावर पोलिसांनी ती अडवली आणि गोळीबार केला. रामेश्वर बॅनर्जी हा विद्यार्थी ठार झाला. पुढच्या दोन-तीन दिवसांत तीसहून अधिक बळी गेले. फेब्रुवारी १९४६ मध्ये कॅप्टन अब्दुल रशीद यांच्या शिक्षेविरुद्ध शहर पुन्हा पेटले आणि काँग्रेस, लीग व कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र बांधून लोक रस्त्यावर आले.

यानंतर आठवड्याच्या आतच मुंबईत 'तलवार' या ठाण्यावरील नाविकांनी १८ फेब्रुवारीला संप पुकारला. ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नाविक त्यात सामील झाले. आझाद हिंदच्या कैद्यांची मुक्तता ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. त्यांना पाठिंबा देण्यासाठी परळ-लालबागचा गिरणी कामगार रस्त्यावर उतरला आणि दोनशेहून अधिक माणसे गोळीबारात मेली. हुगळीच्या काठी सुरू झालेली गोष्ट अशी आपल्या मुंबईच्या बंदरात येऊन पोहोचली.

केवळ याच कारणाने इंग्रज गेले, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅबिनेट मिशनची घोषणा नाविकांच्या संपाच्या दुसऱ्याच दिवशी झाली हे खरे. पण तो निर्णय त्याआधीच झालेला होता. पंतप्रधान ॲटली यांनी आझाद हिंद सेनेस श्रेय दिल्याची एक आठवण कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एका माजी मुख्य न्यायमूर्तींनी नमूद केली आहे. परंतु ती बऱ्याच वर्षांनी लिहिलेली एकाच व्यक्तीची आठवण आहे, तिच्यावर सारी इमारत उभारू नये. १९४२ चे आंदोलन, गांधीजींनी तीन दशके केलेली लोकजागृती, आणि युद्धाने कर्जबाजारी झालेले इंग्लंड ही कारणेही तितकीच बलवत्तर होती. युद्धाच्या अखेरीस उलट इंग्लंडच हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंडांचे देणे लागत होते. परंतु चळवळ दडपता येते आणि कर्ज लांबवता येते. शिपाई फिरला की मात्र साम्राज्य राहत नाही.

काही फलिते दुःखदही आहेत. फेब्रुवारीत झेंडे एकत्र बांधणाऱ्या याच कलकत्त्यात १६ ऑगस्ट १९४६ रोजी भावाने भावाचा गळा कापला. समान शत्रूविरुद्धची एकी आणि समान भविष्याविषयीचा विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या सहा महिन्यांनी शिकवला. स्वतंत्र भारताच्या सैन्यातही या सैनिकांना परत घेतले गेले नाही. ज्या सैन्याच्या शिस्तीवर नव्या राष्ट्राची मदार, त्यात शपथ मोडणाऱ्यास आणि पाळणाऱ्यास एका रांगेत कसे उभे करावे, हा पेच होता. मी स्वतः केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य घालवले आहे, तेव्हा त्या पेचाचे प्रशासकीय कारण मला समजते. परंतु समजणे आणि पटणे या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांची निवृत्तिवेतन योजना आली, तिने त्यांची थोडीफार दखल घेतली. २०१९ च्या प्रजासत्ताकदिनी नव्वदी ओलांडलेले चार आझाद हिंद सैनिक संचलनात दिसले, आणि २०२२ साली दिल्लीत इंडिया गेटजवळच्या ज्या छत्रीखाली पूर्वी पंचम जॉर्जचा पुतळा होता, तेथे सुभाषबाबूंचा पुतळा उभा राहिला.

जगन्नाथराव भोसले पुढे पहिल्या लोकसभेच्या काळात केंद्र सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. १९५४ मध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ज्याने एकदा शपथ मोडण्याचे धैर्य दाखवले, त्याने उरलेले आयुष्य निर्वासितांची घरे आणि मुलांची शिस्त यांसाठी वेचले.

समारोप

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळतो. ती सेना हरली, हे खरे. परंतु मीठ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर ती देऊन गेली. आमचे आजोबा समजत, की इंग्रजाचे मीठ खाल्ले. वस्तुतः तो पगार येत होता साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून आणि बंगालच्या रयतेच्या घामातून. मीठ आपल्याच देशाचे होते, ताटात वाढणारा हात तेवढा परका होता. ज्या दिवशी हे शिपायाच्या ध्यानात आले, त्या दिवशी साम्राज्य संपले. मग रणांगणावरील निकाल काही का लागेना.

आजोबांनी त्यांच्या परीने शब्द पाळला, त्यांचे छायाचित्र आमच्या ओसरीवरून कधी उतरणार नाही. आणि त्यांच्या तोंडून निघालेले ते एकच वाक्यही मी विसरणार नाही. समोरच्याला शत्रू न म्हणता 'आपलीच पोरं' म्हणणारा तो म्हातारा शिपाई, मला वाटते, हा सारा इतिहास आपल्याआधीच समजून बसला होता.

आपण सारे गावापासून दूर या शहरात राहतो. येथे आपली मुले शिकली, काहींची तर येथेच जन्मली. कोणी पाहुणा आला की त्याला एल्गिन रोडवर अवश्य न्यावे, ती मोटार दाखवावी; आणि तो विचारीलच, तेव्हा हे सारे त्याला सांगावे. भाच्याला मी त्या दिवशी सांगू शकलो नाही. ही स्मरणिका छापून झाली, की एक प्रत त्याला साताऱ्याला धाडणार आहे.